मागच्या सीटवरचा फोन

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज कोर्सचा पहिला दिवस आणि पहिल्याच दिवशी गृहपाठ. एक्कावन्नाव्या वर्षी! ज्ञानेश सर म्हणाले, रोज घरी गेल्यावर चार ओळी लिहायच्या. शिकवताना काय जमलं, काय फसलं. कुणी वाचणार नाही, कुणी तपासणार नाही. मग लिहायचं कशाला, असं विचारणार होतो, पण विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. म्हणून तर खात्यात मला सगळे ‘सायलेन्सर उजगरे’ म्हणतात.

तर मी इमॅन्युएल उजगरे, पोलीस हवालदार, चालक. नोकरीचा बहुतेक काळ साहेब लोकांच्या गाड्या चालवल्या, गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. आता कंबरेनं दगा दिलाय. डॉक्टर म्हणाले, लांबची ड्युटी बंद. वरून दोनच वाटा ठेवल्यात. एक म्हणजे इथं दौंडच्या मैदानावर ११२ या मदत क्रमांकाच्या गाड्यांवर जाणाऱ्या नव्या पोरापोरींना शिकवायचं, पण त्यासाठी आधी स्वतः शिकवणारा म्हणून पास व्हायचं. नाहीतर कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यात गोदामात बसून टायर सांभाळायचे. टायर सांभाळत म्हातारा व्हायची माझी इच्छा नाही.

ज्ञानेश सर उपनिरीक्षक आहेत, माझ्या लेकीपेक्षा, फेथपेक्षा, थोडेच मोठे. आल्या आल्या म्हणाले, “तुम्हाला गाडी येते हे मला माहीत आहे, उजगरे. ती दुसऱ्याला देता येते का, ते बघायचंय.” गाडी काय लाडू आहे का द्यायला?

घरी आलो तर कुलूप. फेथ लग्न करून नाशिकला गेली तेव्हापासून माझी बायको कृपा शिरूरला मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून जाते. सोमवारी सकाळी जाते, शनिवारी येते. तिचं माहेरही शिरूरचंच, चर्चच्या मागच्या गल्लीतलं, आठवडाभर तिथंच राहते. इथं तिला करमत नव्हतं. तिथं पोरींच्यात वेळ जातो, बरंच झालं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझ्या वाट्याला शिकवायला पूनम आलीय. नवी शिपाई, कोरेगाव भीमाच्या बाजूची, धनगराची पोर. हात चांगला आहे, नजरेला मात्र घाई. ती स्टेअरिंगवर, मी तिच्या डावीकडे. माझ्या पायाशीही एक ब्रेक दिलाय, शिकवणाऱ्याचा. फार छान सोय. मी सकाळभर दाबत होतो.

दुपारी तिनं गाडी बंद केली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “मामा, गाडी मी चालवतीया का तुमी?”

“तूच की.”

“मग ती थांबतीया कुणामुळं?”

“तू वेळेवर दाबत नाहीस म्हणून मला दाबावं लागतं.”

“मी दाबायच्या आदीच तुमी दाबताय. मला कवा कळायचं, कुठं दाबायचं ते?”

पोर फटकळ आहे. नेमके ज्ञानेश सर खिडकीशी उभे होते. त्यांनी चहावाल्याकडून एक कागदी कप आणला आणि चिकटपट्टीनं माझ्या ब्रेकवर उभा चिकटवला. “जिवावरच बेतलं तर बिनधास्त दाबा, कप काय चुरडेल. नाहीतर संध्याकाळी मला अख्खा परत द्या.”

संध्याकाळपर्यंत चहावाल्याचे कप संपले. उद्या म्हणे तो घरून पेले आणणार आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कृपा आली. तिनं विचारलं, कोर्स कसा चाललाय. म्हटलं, बरा. कपांचं काय सांगायचं?

जेवताना म्हणाली, “या घरात घड्याळाची टिकटिक केवढी ऐकू येते हो.”

तिचं बरोबर आहे, घड्याळ जुनं झालंय. जेवण झाल्यावर मी स्टुलावर चढलो आणि सेल काढून ठेवला. कंबर दुखत असताना! कृपा माझ्याकडं बघतच राहिली, मग एकदम हसायला लागली. इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. बायकांना कशाचं हसू येईल काही नेम नाही. असो, आता तिला झोप तरी नीट लागेल.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज नवीनच खूळ. म्हणे बोलत चालवायचं. गाडी चालवताना जे डोळ्याला दिसतं ते मोठ्यानं सांगायचं, त्यातून पुढं काय होऊ शकतं ते सांगायचं, आणि आपण काय करणार ते सांगायचं. ज्ञानेश सरांनी पाटसच्या रस्त्यावर स्वतः करून दाखवलं. “समोर उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही. ट्रॅक्टरवाल्याला गाण्यात सायरन ऐकू येत नसेल, तो न बघता उजवीकडे वळू शकतो. मी वेग उतरवतो, त्यानं मान वळवल्याशिवाय पुढं काढणार नाही.” एफएमवाल्यासारखे अखंड बोलत होते.

मग माझी पाळी. माझी दातखीळ बसली. डोळ्याला सगळं दिसत होतं, पण तोंडातून निघालं काय तर “म्हैस.”

मागून पूनम म्हणाली, “फुडं?”

“फुडं काय? म्हैस.”

सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो, पण आतून घाम फुटला होता. आता कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. साहेबाच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला की जुना ड्रायव्हर त्याला पहिल्या दिवशी सांगतो, मागं काय बोलतात ते ऐकायचं नाही आणि पुढं काय दिसतं ते बोलायचं नाही. माझ्या मागं लोकांच्या बदल्या ठरल्या, नवरा-बायकोंची भांडणं झाली, एक साहेब तर आईच्या मयतीला जाताना लहान पोरासारखे रडले. मी आरशात सुद्धा बघितलं नाही. याच गुणावर माझं नाव झालं. आता तोच गुण काढून टाका म्हणतात.

सरांना विचारलं, बोललंच पाहिजे का? ते म्हणाले, “उजगरे, तुमचे डोळे तिला कसे मिळणार? काढून देणार आहात का?”

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज बरं गेलं, देवाची कृपा. यवतच्या बाजारातून सायरन लावून गाडी काढली. मी बोललो. तुटक तुटक, पण बोललो. “डावीकडं एसटी थांबलीय. पुढून कुणीतरी आडवं येईल. पाय ब्रेकवर ठेव.” आणि खरंच एक आजीबाई पिशवी घेऊन एसटीच्या पुढून आडव्या आल्या. पूनमनं आधीच वेग उतरवला होता. आजी निवांत पलीकडं गेल्या, वर आम्हालाच दोन शिव्या दिल्या. कप अख्खा राहिला!

चहा पिताना पूनमनं तिच्या वडिलांचं सांगितलं. गेणबा त्यांचं नाव. आता शेती करतात, पण तिच्या लहानपणी मेंढरं होती. “आबा दिसभर मेंढरांसंगं बोलत ऱ्हायचे. काय बी. पावसाचं, आज्जीचं, गावच्या सरपंचाचं. आवाज बंद झाला की मेंढरं चरायची थांबून मान वर करायची, म्हातारा हाय का गेला बघाया.”

मी म्हटलं, मेंढरांना काय कळतंय. ती म्हणाली, “कळायचं काय त्यात? आवाज हाय म्हंजी माणूस हाय.”

उद्या परीक्षा आहे. मोठे साहेब मागं बसणार आहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नापास.

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो. पूनम स्टेअरिंगवर, मी डावीकडं, मागं मोठे साहेब आणि ज्ञानेश सर. साहेब बसले, दार लागलं, अत्तराचा तो वास आला आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. सायरन लावून गेटबाहेर निघालो. ट्रॅक्टर गेला, शाळेची पोरं गेली, मी गप्प. पूनम डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होती. मग साहेबांचा फोन वाजला.

आणि मी हात पुढं करून सायरन बंद केला.

साहेबांना फोनवर नीट ऐकू यावं म्हणून! इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. नुसता सायरन नाही, मी काचही वर घेतली. भरधाव गाडी, आवाज नाही, आणि डाव्या गल्लीतून एक दूधवाला मोटारसायकलवर सरळ बाहेर आला. पूनमनं ब्रेक मारला, मीही मारला. कप चपटा. दूधवाला वाचला, पण त्याची एक किटली रस्त्यावर सांडली. मी उतरून त्याची माफी मागितली. साहेब एवढंच म्हणाले, “हवालदार, सायरन कोणासाठी असतो?”

ज्ञानेश सरांनी रदबदली करून पुढच्या गुरुवारची फेरपरीक्षा मिळवली. तीच शेवटची. पूनम जाताना म्हणाली, “मामा, जीवाला लावून घिऊ नका.” तिचंही माझ्यामुळं अडकलंय, आणि वर तीच माझी समजूत काढतेय.

कृपाचा फोन आला, या शनिवारी वसतिगृहात कार्यक्रम आहे, येणार नाही. मी बरं म्हटलं. परीक्षेचं सांगितलं नाही. ती थोडा वेळ फोन धरून होती, मग ठेवला.

रविवार, १६ फेब्रुवारी

एक युक्ती सुचली म्हणून आपली जुनी मारुती घेऊन सकाळीच शिरूर गाठलं. उपासना संपल्यावर चर्चच्या दारात कृपा आणि तिची बहीण मर्सी भेटल्या. मला बघून कृपाचा चेहरा असा उजळला की मलाच लाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, तुझ्याकडं काम आहे. मला मागं बसायला एक साहेब पाहिजे.

“म्हणजे?”

मग सगळं सांगावं लागलं. कप, म्हैस, सायरन, दूधवाला. चर्चच्या पायरीवर बसून बोललो. इतकं सलग मी कधी बोललो असेन आठवत नाही. दूधवाल्याचं सांगताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, “एवढं झालं आणि फोनवर ‘बरं’ म्हणालात?”

न्हावऱ्याच्या रस्त्यानं पारगावच्या भीमेच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. कृपा मागं बसली. मी बजावलं, “तू आता साहेब आहेस. फोनवर बोलत राहायचं, काहीही. मी मध्ये थांबलो तर माझी चूक.”

आधी तिला नुसतं हसू फुटत होतं. मग न्हावरं मागं पडल्यावर तिनं फोन कानाला लावला. फोन बंदच होता, काळा पडदा मला आरशात दिसला. पण काय बोलली! कृपानं नाटकात काम करायला पाहिजे होतं.

“हॅलो, मर्सी? हो गं. नोकरी कायम करतायत. एक मार्चपासून वसतिगृहातच खोली देतायत राहायला.”

मी म्हणालो, “समोर ट्रॅक्टर. ट्रॉली डोलतेय, ऊस पडू शकतो. मी अंतर वाढवतो.”

“मग शनिवार-रविवारी पण दौंडला जायला नको. नाही, त्यांना नाही सांगितलं. सांगून काय होणार? भिंतीला सांगितलं तर निदान पाल तरी चुकचुकते.”

“उजवीकडं पोरं क्रिकेट खेळतायत. चेंडू येईल, चेंडूमागं पोर येईल. मी वेग उतरवतो.”

“राग नाही गं. चांगले आहेत. कधी हात उगारला नाही, कधी दारू नाही. पण मी घरात आहे का नाही, हे त्यांना कळतं का, तेच मला कळत नाही. नुसतं ‘राहा’ म्हणाले असते ना, तर राहिले असते.”

“पूल आला. पूल अरुंद आहे. समोरून टेम्पो. मी त्याला आधी येऊ देतो.”

सगळं बोललो! एकदाही अडलो नाही. तिचा आवाज शेवटी इतका भरून आला की खरंच वाटावं. मर्सी तर दहा पावलांवर राहते, तिला फोन कशाला करेल हा प्रश्न पडतो, पण नाटकात चालतं. उतरताना मी म्हटलं, “झकास! अगदी खरं वाटलं.”

“वाटलं ना?” म्हणाली आणि माहेरच्या घरात निघून गेली. चहाला पण थांब म्हणाली नाही. दमली असेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीचा बंदोबस्त. दिवसभर मिरवणुकीमागं गाडी. कंबरेचे हाल. पण उभ्या गाडीतही मी मनात बोलतच होतो. डावीकडं ढोल, उजवीकडं खांद्यावर बसलेलं पोर, टोपी पडेल. सवय लागली वाटतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पास! पास! देवा, तुझे उपकार.

साहेब मागं बसले, तोच अत्तराचा वास. पूनमनं गाडी काढली आणि मी पारगावचा पूल डोळ्यापुढं आणला. मागं साहेब नाहीत, कृपा आहे. तोंड आपोआप सुटलं. पाटसच्या रस्त्याला लागलो तसा साहेबांचा फोन वाजला. माझा हात उठला. खरंच उठला, अर्ध्यात थांबवला. मग मी म्हणालो, “साहेब, सायरन चालू राहील. फोन नंतर घ्या.”

साहेबांनी फोन बंद केला. पूनमनं एकदा खुदकन हसून घेतलं आणि पुढच्या वळणावर माझ्याआधी तीच बोलली, “डावीकडं मेंढरं हायती मामा, म्होरकं आडवं निघालंय. मी थांबतीया.” अगदी माझ्या चालीवर! मी नुसता बसून राहिलो. कप अख्खा. ज्ञानेश सरांनी तो सोडवून घेतला, त्यावर तारीख घातली आणि म्हणाले, “हा मी ठेवतो.” मला भरूनच आलं.

आनंदाच्या भरात चहा पिताना पूनमला रविवारचं सगळं सांगितलं. कृपाचा फोन, एक मार्चची खोली, भिंत आणि पाल, शब्द न् शब्द. ऐकलेलं मी विसरत नाही, नुसतं बोलून दाखवत नाही. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, “मामा, रागावू नका. त्यो फोन मर्सीमावशीला नव्हता.”

“नाटक होतं गं ते.”

“न्हाई मामा. त्या तुमास्नीच बोलत व्हत्या. समोर बसून सांगता येत नव्हतं, म्हून मागं बसल्यावर सांगितलं.”

मी म्हटलं, काहीतरीच तुझं. पण चहा अर्धाच ठेवून उठलो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल लिहिलेलं आणि रविवारचं लिहिलेलं परत परत वाचलं. पोरगी म्हणते ते खरं आहे. मी मूर्ख आहे. मागं काय बोलतात ते ऐकायचं नाही, हा धडा मी घरापर्यंत नेला.

आज घर फार शांत आहे. घड्याळही बंद आहे, ते मीच बंद केलंय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कृपा या शनिवारीही येणार नव्हती. मी न सांगता शिरूरला गेलो. वसतिगृहाच्या दारात उभा राहिलो, पोरी खिडकीतून बघत होत्या. ती बाहेर आली. म्हटलं, पास झालो. तिला खरंच आनंद झाला, हात जोडून वर बघितलं. मग म्हटलं, “दोन दिवस घरी चल.” ती म्हणाली, “का?” मला उत्तर देता आलं नाही. ती तरीही माहेरहून पिशवी भरून आली. गाडीचं मागचं दार उघडायला लागली, मी म्हटलं, “मागं नको. पुढं बस.”

न्हावरं गेलं तरी मला सुरुवात करता येईना. मग म्हटलं, जे येतं त्यानंच करावी. मी बोलायला लागलो.

“समोर उसाची ट्रॉली. दिवा नाही. मी मागं राहतो.”

कृपा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “परीक्षा झाली ना? आता कशाला?”

“डावीकडं चिंचेखाली शाळेच्या पोरी उभ्या आहेत. एखादी पळेल. मी वेग उतरवतो.”

पुढं रस्ता मोकळा होता. सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी म्हणालो, “डावीकडं कृपा बसलीय. ती डोळे पुसतेय.”

तिनं मान वळवली नाही.

“एक मार्चला ती कायमची शिरूरला जाऊ शकते. रविवारी सांगितलं होतं तिनं. मी ऐकलं होतं. मला वाटलं, नाटक आहे.”

आता पुढचं वाक्य यायला पाहिजे होतं, मी काय करणार ते. ज्ञानेश सरांचा सगळा कोर्स त्या वाक्यासाठी. ते मला येईना. लक्ष रस्त्यावर नसताना गाडी चालवू नये हे मी पोरांना शिकवणार आहे, म्हणून गाडी कडेला घेतली, दिवे लावले आणि बंद केली.

“जाऊ नको,” म्हणालो. “म्हणजे नोकरी कर. जा-ये कर. मी सोडायला येईन. पण राहायला घरीच राहा. तू नसलीस की मी कुलूप काढून दारातच उभा राहतो. आत जावंसं वाटत नाही. मला ते कधी सांगता आलं नाही.”

ती रडली. चांगली रडली. मागून एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत गेला, त्याच्यावर ओरडावं असंही मला वाटलं नाही. मग नाक पुसून म्हणाली, “वसतिगृहाला कळवायला एक तारखेपर्यंत वेळ आहे. तोवर बघते.”

“काय बघतेस?”

“तुम्ही किती दिवस बोलता ते.”

मी म्हटलं, ठीक आहे, आणि लगेच म्हटलं, नुसतं ठीक नाही, आणि मग पूल येईपर्यंत तिला गेणबांच्या मेंढरांचं सांगितलं. ते तिला फार आवडलं. त्यांना एकदा भेटायचं म्हणते.

घरी आल्यावर तिनं पिशवीही ठेवली नाही, आधी स्टूल ओढलं आणि घड्याळात सेल घातला. म्हटलं, टिकटिक होईल गं. ती म्हणाली, “होऊ दे की. बोलायला लागलो की कुणाला ऐकू येतेय.”

एक तारखेचं अजून ठरलेलं नाही. आठवडा आहे हातात. आत चहा झालाय आणि ती विचारतेय, दूधवाल्याच्या किटलीचं पुढं काय झालं. ते सांगायचं राहिलंच होतं. आता इथं लिहीत बसत नाही, तिला जाऊन सांगतो.